पान उघडेपर्यंत उभं राहायचं

नोकरीसाठी मी सरांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेले, तेव्हा आत दोन माणसं कॉम्प्युटरकडे तोंड करून गप्प उभी होती. खुर्च्या होत्या. चांगल्या, गादीच्या होत्या. पण दोघंही उभे. मला वाटलं, कुणीतरी गेलेलं दिसतं, मौन चाललं असावं. मीही पर्स खांद्यावरून खाली घेतली, हात जोडल्यासारखे केले आणि दाराशी उभी राहिले.

बऱ्याच वेळानं दोघंही एकदम खाली बसले. मी हळूच विचारलं, "कोण गेलं सर?"

"कोणी नाई गेलं," सर म्हणाले. "पान येऊन राहिलं होतं."

मी खुर्ची ओढायला गेले तर म्हणाले, "बस नोको. अजून एक पान यायचं आहे."

तर अशी माझी मुलाखत झाली. साकोलीला हायवेवर एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं हे ऑफिस होतं. खाली पाइप आणि नळाच्या तोट्या, वर आम्ही. वेबसाइट आणि सोसायट्यांची ऑनलाइन कामं करून द्यायची, असा धंदा होता. माणसं तीन: सर, मी आणि एक मुलगा, ज्याला सर 'हैदराबाद' म्हणायचे. तो रोज सकाळी आल्या आल्या आपण पुढच्या महिन्यात हैदराबादला जाणार असं सांगायचा. त्याचं खरं नाव माझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि पगाराच्या दिवशी सरांच्याही राहायचं नाही.

ऑफिसचा नियम एकच. आपण लिहिलेलं पान स्क्रीनवर उघडायला लावलं की उठून उभं राहायचं, आणि पूर्ण उघडलं की बसायचं. सर स्वतःही पाळायचे. गुडघे दुखत असले तरी पाळायचे. दिवसातून एवढ्या उठाबशा मी शाळेतसुद्धा काढल्या नव्हत्या. सरांचं म्हणणं असं, की ज्याच्यासाठी आपण पान बनवतो तो माणूस कुठल्या तरी सोसायटीच्या खिडकीपुढे उभा असतो. मग आपण बसून कसं कळेल की पान किती वेळ घेतंय? "बुडाखाली गादी असली," ते म्हणायचे, "का माणसाले सगळं लवकरच होते असं वाटते."

ऑफिसात घड्याळ नव्हतं. पान किती वेळात उघडलं हे सर आपल्या मापानं सांगायचे. सगळ्यात चांगलं पान शिंकेएवढं. त्याखालचं जांभईएवढं. आणि एकदम वाया गेलेलं पान म्हणजे खर्राभर. खर्रा म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटत बसायचं, तेवढा वेळ. सर स्वतः खर्रा खात नव्हते, पण खाणाऱ्यांकडे डोळे लावून बसण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एकदा खालच्या हार्डवेअरवाल्यानं सरांना हौसेनं आपली नवी वेबसाइट दाखवली, दुसऱ्या कुणाकडून बनवून घेतलेली. सर उभे राहिले, पाहिलं, आणि इतकंच म्हणाले, "खर्रा, आणि वरून थुकून येणं." तो माणूस वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

माझ्या वडिलांना ऑफिस बघायचं होतं. बाबा वरठीच्या कारखान्यात होते. तिथून रोज सायकलीनं घरी येणार, हात-पाय धुणार आणि मला विचारणार, "बाई, तुहं ते हापिस आहे तं खरं ना?" त्यांच्या शंकेला कारण होतं. वरठीहून भंडारा आणि तिथून साकोली असा रोजचा एसटीचा प्रवास करून मी जिथे जायची, तिथे मी नेमकं काय करते हे मला घरी समजावून सांगता येत नव्हतं. शिवाय नागपूरचं एक स्थळ होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, धम्मपरिषदेत बाबांची आणि त्याच्या वडिलांची ओळख झालेली. मी अजून नाही म्हणत होते. शेवटी बाबांनी तोड काढली होती: "तुही नोकरी आहे तोवर मी लग्नाचं नाव काढत नाही. नोकरी गेली, का मंग तू नाही म्हणायचं नाव काढू नोको." सौदा माझ्या फायद्याचा होता, फक्त नोकरी टिकायला हवी होती.

तर बाबा आले. जयभीम, नमस्कार झालं. सरांनी खुर्ची दिली. बाबा बसतात न बसतात तोच हैदराबादनं पान उघडायला लावलं आणि आम्ही तिघं ताडकन उठलो. बाबाही उठले. पान जांभईभर होतं. आम्ही बसलो. बाबा बसले. पुन्हा उठलो. चार वेळा असं झाल्यावर बाबा म्हणाले, "साहेब, माही आठ तासाची पाळी उभ्यानंच होते. पण आमच्याकडे त्याचे पैसे देतेत."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना बाबांनी जिन्यात माझा हात धरला आणि म्हणाले, "माणूस सटक आहे, पण लबाड नाही." हे आमच्या घरातलं वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र होतं.

सरांची दुसरी सवय म्हणजे 'हळू' हा शब्द ते वापरू द्यायचे नाहीत. 'पान हळू आहे' असं म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "पान कधी हळू नसते पोरी. ते कोणाची तरी वाट पाह्यते. त्याले शिव्या देऊ नोको. कोणासाठी थांबून राहिलं ते पाह्य." आणि खरंच, बहुतेक वेळा तसंच निघायचं. कधी पान एखाद्या अवाढव्य फोटोसाठी थांबलेलं असायचं, कधी एकाच शेतकऱ्याचं नाव शोधायला सगळा तालुका चाळत असायचं. थांबण्याचं कारण काढून टाकलं की पान शिंकेवर यायचं. सरांच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की एसटी उशिरा आली तरी ते वैतागत नसत. "कोणासाठी तरी थांबली असन," म्हणायचे.

अजून एक वाक्य ऑफिसात बंद होतं: 'माझ्याकडे तर उघडतंय.' जगातल्या सगळ्या प्रोग्रॅमरांचं हे आवडतं वाक्य. हैदराबादच्या तोंडून ते निसटलं की सर शांतपणे विचारायचे, "मंग काय लाखांदूर उचलून तुह्या टेबलावर आणून ठेवू का गा?"

उभं राहण्याचा नियम कुठून आला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. सर हसत हसत म्हणाले, की भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा त्यांच्या वडिलांचा शेताचा एक कागद मधेच कुठेतरी राहून गेला. या खिडकीतला बाबू म्हणे तिकडे गेला, त्या खिडकीतला म्हणे इकडेच आहे. "जिल्हा दोन्हीकडे बसून गेला," सर म्हणाले, "बाप माहा मधातच उभा राह्यला." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, चहा मागवला. हैदराबादच्या मते ही गोष्ट सरांनी रचलेली होती. मला तसं वाटत नाही. रचलेल्या गोष्टीला माणूस शेवट तरी ठेवतो.

आमचे कॉम्प्युटर तीन, आणि त्यांना सरांनी तळ्यातली नावं दिली होती. माझा झिंगा. हैदराबादचा शिंगाडा. आणि सरांच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला, झाकण नसलेला, आतला पंखा उघडा दिसणारा त्यांचा जुना डबा, त्याचं नाव मरळ. मरळ मासा तळं आटलं तरी चिखलात जीव धरून राहतो, म्हणून मरळ. या डब्यावर सर काय करायचे ते आम्हाला माहीत नव्हतं. आमची खरी कामं दूरच्या शहरात भाड्यानं घेतलेल्या मोठ्या मशिनीवर चालायची. मरळवर फक्त सर रविवारी येऊन काहीतरी खुडबुड करायचे आणि रोज सकाळी एक नजर टाकून समाधानानं मान हलवायचे.

अशात लाखांदूरकडच्या एका सोसायटीचं काम आलं. धानखरेदीच्या आधी शेतकऱ्यांची नोंदणी करायची, त्यांना टोकन द्यायचं, मग टोकनाप्रमाणे धान मोजून घ्यायचं, हे सगळं आमच्या पानांवर. आमच्या मानानं फार मोठं काम. सोसायटीनं सांगितलं, नोंदणीचे दिवस तुमचं चालवून पाहू. जमलं तर काम तुमचं, नाहीतर नागपूरची एक कंपनी तयार आहे. सरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि साफ सांगितलं, "हे काम आलं तं ऑफिस आहे. नाई आलं तं मी शटर ओढतो अन् शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसतो." हैदराबाद म्हणाला, मी तर तसाही पुढच्या महिन्यात जाणारच आहे. मला मात्र नागपूरचा तो बँकेतला मुलगा डोळ्यापुढे दिसायला लागला. फोटोत त्यानं टाय बांधला होता.

नोंदणी सुरू झाली आणि आठवड्याभरात सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. हे सचिव मोठे मोकळे गृहस्थ होते.

"अजी साहेब, तुमच्या पानानं दुपारून जीव सोडला ना! लोकं उभे हायेत खिडकीपुढे. मी खर्रा घोटला, खाल्ला, थुकून बी आलो. पान आपलं पांढरंच!"

सरांच्या मापातला सगळ्यात वाईट शेरा गिऱ्हाइकाच्या तोंडून जसाच्या तसा आला होता. फोन ठेवला आणि लाईट आली तसे चहा टाकून वर आलो, पान उघडलं. उभे राहिलो. शिंक. पुन्हा उघडलं. शिंक. "आपल्याकडे तर..." एवढं म्हणून हैदराबाद थांबला.

मग शोध सुरू झाला. आम्ही सगळं काढून पाहिलं. रंग कमी केले. याद्या तोडल्या, शोधायची रीत बदलली. शेवटी संशय अध्यक्षांच्या फोटोवर आला. आपल्याकडे सोसायटीचं कोणतंही पान अध्यक्षांच्या फोटोशिवाय उघडत नाही, आणि हा फोटो लग्नाच्या फोटोग्राफरनं त्याच्या सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला होता. पानावर दिसायचा तिकिटाएवढा, पण वजनाला सगळ्या नोंदणीपेक्षा जड. मी तो कापून, दाबून हलका केला. दुसऱ्या दिवशी स्वतः अध्यक्षांचा फोन.

"माह्या फोटोले काय केलं तुमी? मी असा धुरकट काहून दिसून राहिलो? मेल्यावर असा ठेवसान तं ठेवा, आता नोका ठेवू."

फोटो पुन्हा साफ करून लावला. आणि दुपारी सचिवांचा फोन आलाच. रोज दुपारी यायचा. हैदराबादला एसटीनं लाखांदूरला पाठवलं. तो सकाळच्या गाडीनं गेला, तिथे पान उघडून पाहिलं, शिंकेत उघडलं, नाश्ता केला आणि दुपारच्या आत परत आला. "सर, तिथं बी उघडते," म्हणाला. हे वाक्य बंद वाक्यांच्या यादीत नव्हतं, म्हणून सरांना काही बोलता आलं नाही.

आणि इथे सरांनी, त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, आपला नियम मोडला. ते म्हणाले, "लाखांदूरवाले खोटं बोलून राहिले."

मी चाट पडले. गिऱ्हाईक पान थांबलं म्हणतंय आणि सर म्हणतात खोटं? मी विचारलं, कशावरून?  "माह्याजवळ आहे हिशेब. पान शिंकेतच उघडून राहिलं. रोज. नागपूरवाल्यायनं सचिवाले पढवलं असन." हिशेब कसला, तो कुठून आला, काही सांगेनात. नुसते टेबलाखाली मरळकडे बघायचे. मला त्यांचा राग आला. खरंच आला. स्वतःच शिकवायचं की शिव्या देऊ नका, कारण शोधा. आणि वेळ आली की बिचाऱ्या सचिवालाच लबाड ठरवायचं.

शेवटी सोसायटीनं बोलावणं धाडलं. संचालकांसमोर पान उघडून दाखवा, मग निकाल लावू. बैठक दुपारची.

सर आणि मी लाखांदूरच्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलेलं, बांध्या पाण्यानं भरलेल्या. सर खिडकीतून बघत होते आणि मी मनातल्या मनात टायवाल्याशी संसार करत होते. "घाबरू नोको," सर म्हणाले, "हिशेब आहे माह्याजवळ."

सोसायटीच्या खोलीत सगळे संचालक खुर्च्यांवर बसलेले. मधोमध अध्यक्ष. सचिव कॉम्प्युटरशी. दाराबाहेर नोंदणीला आलेले शेतकरी, तेही बघायला थांबलेले. सर पुढे झाले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, आमच्या ऑफिसचा एक नियम आहे. पान उघडेपर्यंत सगळ्यायनं उभं राह्यचं."

 संचालक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांचा एक गुडघा दुखरा होता, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. "कायले?" अध्यक्ष म्हणाले.

"बाहेरचे लोकं उभे हायेत म्हणून," सर म्हणाले.

आता बाहेर मतदार उभे असताना कोणता संचालक बसून राहील? सगळे उठले. अध्यक्ष टेबलाचा आधार घेऊन उठले. सचिवांनी पान उघडायला लावलं.

शिंक झाली. जांभई झाली. पान पांढरं. एक संचालक खोकला. अध्यक्षांनी वजन दुसऱ्या पायावर घेतलं. सचिवांनी खिशातून पन्नी काढली, आणि सगळ्यांच्या देखत, अगदी पुरावा सादर करावा तसा, खर्रा घोटायला घेतला. खोलीत तेवढाच आवाज. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पोरक्या पोरासारखा झाला होता. हिशेब होता ना त्यांच्याजवळ. मग हे काय?

मी वाकून स्क्रीनकडे बघितलं. पान अडकलं की खाली डाव्या कोपऱ्यात ते कुणाची वाट पाहतंय त्याचं नाव बारीक अक्षरांत येतं. ऑफिसात हे पान कधी अडकलंच नव्हतं, म्हणून तिथे बघायची वेळच आली नव्हती. आता बघितलं. एकच नाव होतं: मरळ.

मला क्षणभर कळेना. लाखांदूरच्या शेतकऱ्याच्या नोंदणीचा आणि सरांच्या टेबलाखालच्या धूळखाऊ डब्याचा काय संबंध? मी सरांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, पान थांबलंय ते तुमच्या मरळसाठी."

सर खाली वाकले. वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुटपुटले, "या वक्ताले साकोलीत लाईट जाते."

मग सगळा उलगडा झाला. सरांनी रविवारी येऊन, आम्हाला न सांगता, प्रत्येक पानाच्या अगदी माथ्यावर एक घड्याळ बसवलं होतं. लाखांदूरला माणूस किती वेळ उभा राहिला, ते मोजायचं आणि साकोलीला मरळकडे कळवायचं. आम्हाला सांगितलं नाही, कारण घड्याळ दिसलं की माणसं तेवढ्यापुरती पळतात असं त्यांचं मत. घड्याळ आधी सुरू व्हायला हवं, म्हणून ते सगळ्यात वर. आणि मरळनं 'हो, मी आहे' म्हटल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही. साकोलीत लाईट असली की मरळ लगेच हो म्हणायचा. दुपारी लाईट गेली की मरळ झोपायचा, आणि लाखांदूरचं पान त्याच्या दाराशी ताटकळायचं. मेलेला मरळ वेळ मोजत नसल्यामुळे सरांच्या हिशेबात रोज नुसत्या शिंका दिसायच्या. आणि आम्ही? लाईट गेली की आम्ही खाली चहाला जायचो. लाईट आली की वर येऊन पान उघडायचो आणि म्हणायचो, उघडतंय की.

लोक किती वेळ उभे राहतात ते कळावं म्हणून ज्या माणसानं घड्याळ लावलं, त्याच्या घड्याळानंच लोक उभे राहिले होते.

दुसरा कुणी असता तर लाखांदूरच्या इंटरनेटवर ढकलून मोकळा झाला असता. मीच तसं सुचवणार होते, तोंड उघडलंही होतं. पण सर संचालकांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, सचिवसाहेब खरं बोलून राहिले होते. मीच त्यायले खोटं समजलो. पान तुमच्यासाठी उघडायले तयार आहे, मीच मधात उभा आहे."

मग मला म्हणाले, "काढ वं ते."

मी सचिवांच्या जागी, उभ्यानंच, भाड्याच्या मशिनीत शिरले आणि ते घड्याळ शोधून काढून टाकलं.  सगळे संचालक तसेच उभे. मधेच बसावं की नाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पुन्हा पान उघडायला लावलं. धुरकट नसलेले अध्यक्ष स्क्रीनवर झळकले, शिंक यायच्याही आधी. बाहेरून एक म्हातारा म्हणाला, "हाव, आता पळालं."

"आता बसू का?" अध्यक्षांनी विचारलं.

"बसा," सर म्हणाले.

अध्यक्ष गुडघा चोळत बसले. सरांकडे बघून म्हणाले, "हा हंगाम पाहू. लोकायची तक्रार आली, का नागपूरवाले हायेतच."

म्हणजे माझा टायवाला गेला नव्हता, नुसता पुढच्या हंगामावर गेला होता.

दिवाळी झाली, धान निघालं, खरेदी सुरू झाली. मरळ बंद करून सरांनी त्याच्यावर पोतं टाकलं होतं. पण सरांचं काही खरं दिसेना. सकाळी यायचे, टेबलाखाली वाकून बघायचे, पोतं दिसलं की पुन्हा सरळ व्हायचे. "आज कसं चालू आहे, काय समजावं?" म्हणायचे. मी म्हणायची, सर, तक्रार नाही म्हणजे चांगलंच चालू असेल. त्यावर ते म्हणायचे, "उभा माणूस कुठं तक्रार करते वं? बसलेला करते."

मग ते ऑफिसातून नाहीसे व्हायला लागले. सकाळी लाखांदूरची गाडी धरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. विचारलं तर "शेताचं काम". सरांचं शेत साकोलीच्या दुसऱ्या बाजूला होतं. परत येताना मात्र त्यांच्या शर्टावर धानाचं भूस असायचं आणि चेहऱ्यावर समाधान. हैदराबाद म्हणाला, म्हाताऱ्याचं कुठेतरी दुसरं ऑफिस आहे. तो अंदाज सांगून आठ दिवसांत तो खरोखरच हैदराबादला गेला. सर त्याला स्टँडवर सोडायला गेले, आणि गाडी निघाल्यावर मला म्हणाले, "आता त्याले काय म्हणावं? नाव तं वापरून झालं." त्यांचे डोळे ओले होते. माझेही होते.

हंगाम संपता संपता सचिवांचा फोन आला. संचालकांची बैठक झाली होती. मी फोन कानाला घट्ट लावला.

"मॅडम, काम तुमचंच ठेवलं. पण लोकायची एक तक्रार आहे बा."

"काय तक्रार?"

"लाईन लांबून राहिली. तुमच्या पानानं नाई. एका माणसानं. ना धान, ना पोतं, ना सातबारा. अन् रोज येऊन लायनीत उभा राह्यते. नंबर आला का बाबू विचारते, टोकन? नाई. सातबारा? नाई. मंग काय पाहिजे? तं म्हणते, पान उघडून दाखवा. बाबू दाखवते. उघडलं का थो परत मांगच्या मांगं जाऊन लायनीत लागते. त्याचा नंबर आला का तिथंच खर्राभर टाइम जाते. पह्यले वाटलं तपासणीले आले, मी चहा पाजला. चहा पिऊन परत लायनीत! अध्यक्ष म्हणतेत, अडवू नोका, खरा माणूस आहे. पण लोकं बोंबलतेत ना. आता तुमीच सांगा तुमच्या साहेबाले."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून हसले. मग हसता हसता रडू आलं. थंडीच्या दिवसांत, धानाची पोती घेतलेल्या माणसांच्या मधे, रिकाम्या हातांनी हा माणूस रोज रांगेत उभा राहिला होता. माझी नोकरी त्या रांगेत होती, आणि त्यांनी मला अवाक्षरानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाबांना फोन करून सांगितलं, नागपूरला नाही कळवा. बाबा म्हणाले, "कळवतो. त्या सटक माणसाले माहा जयभीम सांग."

संध्याकाळी सर आले. भूस झटकत जिना चढले. मी झिंग्यावर एक नवं पान उघडायला लावलं होतं आणि उभी होते. तेही सवयीनं माझ्याशेजारी उभे राहिले.

"सर," मी म्हटलं, "लाखांदूरचं काम आपल्याकडेच राहिलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना काम मिळाल्याचं फारसं पडलेलं दिसलं नाही. "तक्रार?"

"एक आहे. रांग लांबते."

त्यांचा चेहरा उतरला. "किती?"

"खर्राभर."

"खर्राभर?" ते जवळजवळ ओरडले. "मी रोज पाहून राहिलो तं! पान शिंकेत उघडते. मंग रांग कोणासाठी थांबून राहिली?"

 मी त्यांच्या शर्टावरच्या भुसाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेमागून आपल्या शर्टाकडे पाहिलं. एक तूस बोटांनी उचललं. समोर झिंग्यावरचं पान केव्हाच उघडलं होतं, आणि आम्ही दोघंही उभेच होतो.

मग सरांनी खुर्ची ओढली आणि हळूच, दोन्ही गुडघे धरून, बसले.  खाली हार्डवेअरवाल्याचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"तू काहून उभी आहेस वं?" ते म्हणाले. "बस."